तिरडीची सुतळी

तळवली, मंगळवार संध्याकाळ

बाबांना पोचवून आलो. डोक्यात मात्र ती सुतळीच.

गावात कुणी गेलं की तिरडी माझा मित्र दत्ता बांधायचा. सरपंच झाला तरी, आमदार झाला तरी. गाठ मारायला बाबांनीच शिकवलेलं. "माजी तिरडी तूच बांदायची हाय, दत्ता," असं ते त्याला हसत म्हणायचे. मी कधी शिकलोच नाही. दत्ता होता ना.

आज तो आला, राज्यमंत्री झाल्यापासून पहिल्यांदाच. पुढेमागे पोलिसांच्या गाड्या. बाबांच्या पायांवर डोकं टेकलं, मग बांबूंपाशी बसून सुतळी हातात घेतली. लगेच सगळीकडून मोबाईल वर झाले. आपल्याच गावातली माणसं. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि सुतळी माझ्या हातात दिली.

"तू बांध. मी बांधली तर काकांचा व्हिडिओ होईल रे."

रागवायचं तरी कुणावर? मी बांधली, जमेल तशी. तो हात जोडून उभा राहिला आणि मग गेला.

स्मशानाच्या वळणावर सुतळी सैल पडली, बांबू सरकला. सगळे जागच्या जागी थांबले. मागून कुणीतरी सवयीने हाक मारली, "दत्ता, बघ रे जरा."