ओट्याखालची वीट

आई, आज एका पोरीने मला स्वयंपाक करताना एक पाय पाटावर ठेवायला सांगितलं. पोर म्हणजे फिजिओथेरपिस्ट, माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. माझी कंबर दुखते त्याला आता सहा वर्षं झाली, तेव्हा सांगणारे पुष्कळ भेटलेत. पण ही म्हणाली, ओट्याशी उभं राहताना एक पाय जरा उंचावर ठेवायचा, थोड्या वेळाने बदलायचा. दोन पोळ्या झाल्या की बसायचं, आणि दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधीच बसायचं. मला हसू आलं. तिला वाटलं मी तिची थट्टा करतेय. तिला काय सांगणार? हे सगळं मी लहानपणी रोज बघितलंय, आणि बघून नाक मुरडलंय.

घोडेगावजवळच्या आपल्या घरात नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला गॅस आला, अण्णांनी ओटा बांधून घेतला, आणि तू त्या नव्याकोऱ्या ओट्याखाली एक वीट आणून ठेवलीस. एक पाय विटेवर, एक जमिनीवर. अण्णा म्हणायचे, "पांडुरंगाचे दोन्ही पाय इटंवर, आमच्या घरात येकच." आम्ही हसायचो, तूही हसायचीस. दोन भाकरी झाल्या की तवा उतरवून भिंतीला टेकून बसायचीस. कांद्यात खुरपायला गेलीस तर एक वाफा झाला की बांधावर आडवी. बरोबरच्या बायका पुढे निघून जायच्या आणि मागे वळून म्हणायच्या, "हिची पाठ लई शानी हाय गं, काम दिसलं की बरूबर दुखती." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. संध्याकाळपर्यंत तुझे वाफे त्यांच्याइतकेच झालेले असायचे, पण ते मोजायला थांबतंय कोण? मीही थांबले नाही.

आणि गंमत बघ, अख्ख्या गावाच्या पाठी माझ्याकडे यायच्या. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेले. पाठीत उसण भरली की लोक आपल्या ओसरीवर येऊन पालथे पडायचे आणि मी डाव्या पायाने तीनदा हलकेच पाठ दाबायची. जाताना मला गूळ-शेंगदाणे मिळायचे. सात-आठ वर्षांची मी, भाव खायची नुसती. तूही पालथी पडायचीस. "पोरी, पाय लाव गं जरा." मी लावायची, आणि तू लगेच उठून बसायचीस. "उतरलं बाई. लई गुन हाय तुझ्या पायाला." मला ते खरं वाटायचं. म्हणून तासाभराने तू पुन्हा भिंत धरून उभी दिसलीस की राग यायचा. आत्ताच तर उतरलं होतं ना? मग हे काय नाटक? तुझ्या दुखण्यावरचा माझा विश्वास उडाला तो असा, तूच माझं मन राखत गेलीस म्हणून.

मी नगरला कॉलेजात गेले त्या वर्षी तुला तिथल्या एका डॉक्टरांकडे नेलं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. डॉक्टर एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरतात, तू खुर्चीच्या कडेवर बसलेली. ते म्हणतात, "हाडं एकदम चांगली आहेत. काहीही निघालेलं नाही." अण्णांनी स्टँडवर पाव किलो पेढे घेतले. एसटीत तू फोटोचं ते मोठं पाकीट मांडीवर धरून बसली होतीस, पेढा हातात तसाच. मग हळूच म्हणालीस, "कायतरी निघायला पायजे हुतं गं." मी भडकले. काय निघायला हवं होतं, कॅन्सर? पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली. तू खिडकीकडे तोंड केलंस. "तसं न्हाई. निघालं असतं तर खरं ठरलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू ओसरीवर पालथी पडलीस. एसटीच्या हादऱ्यांनी जास्तच झालं असणार. "पोरी, लाव की पाय." मी पुस्तक घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "फोटोत काही नाही ना? मग पाय कशाला लावू?" अण्णा दारातून कौतुकाने म्हणाले, "शिकली आता ती. असलं काय मानत न्हाई." तू हातावर जोर देऊन उठलीस, दोनदा थांबून, आणि आत जाऊन विटेवर पाय ठेवलास. त्यानंतर तू मला पाय लावायला कधीच सांगितलं नाहीस. पुढे सात वर्षं होतीस. गेलीस ती तापाने, चार दिवसांत. दहाव्याला सगळ्यांनी तुझ्या तापाचा विषय काढला, तुझ्या भाकरींचा काढला. पाठीचं कुणी काढलं नाही.

माझाही फोटो स्वच्छ आला आहे, आई. मशीन मोठं, पैसे जास्त, निकाल तोच. पण डॉक्टर म्हणाले, "फोटोत काही नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. जुन्या दुखण्यात नसांनाच दुखायची सवय लागते. सगळं जाईल असं मी म्हणत नाही, पण त्याच्याबरोबर नीट राहता येतं." मी त्यांच्यासमोर रडले. दुखत होतं म्हणून नाही. एवढं एक वाक्य तुला कुणी बोललं असतं तर, असं वाटलं. तू ते नीट राहणं एका विटेवर शिकून घेतलं होतंस, कुणी न शिकवता, आणि वर आमची बोलणी खात.

संध्याकाळी लेक माझ्या कंबरेला मलम लावते. चांगली आहे ती. पण सहा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, हल्ली एका हाताने लावते आणि दुसऱ्या हातात मोबाईल असतो. "बरं वाटतंय का गं?" मी म्हणते, "हो, उतरलं." मग ती सुटते. उतरलेलं काहीच नसतं.

हे मी माझ्या फोटोच्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहितेय, कपाटात परत ठेवून देईन. अण्णा जाईपर्यंत लोकांना सांगायचे की शिक्षणामुळे लेकीने पाय लावणं सोडलं. मी त्यांचं कधी खोडून काढलं नाही. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात शिक्षणबिक्षण काही नव्हतं, आई. मला फक्त तुझ्या दुखण्याचा कंटाळा आला होता.