कणगी मी आल्यावर दाखवीन

मुंबई, १२ मे १९८४

मोरूच्या बाबांना इंदूचा नमस्कार.

मी बरी हाय. कॅन्सरच्या औषधानं केस गेले, पण त्याचं काय, पदर डोक्यावर असतोच.

सासूबाईंनी धाडलेला मध-टाकणखार मी जिभेला लावला नाय. त्यांना सांगा, रागावू नका. जिभेवरचा पांढरा थर म्हणजे नुसतं तोंड आलेलं नाय. आंबोळीचं पीठ फुगवते त्या बुरशीचीच ती भावकी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता ती रक्तात उतरलीय आणि नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाय. "फार हट्टी आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, "असू दे. लोधिवलीत हट्टी माणसाबरोबरच संसार केलाय मी."

आता सलाईनमधून दुसरं औषध देतात. ते चढताना अशी हुडहुडी भरते की खाट वाजते. दुपारचं असतं ते. तुमी सकाळीच भेटायला येत जा.

मोरू नीट जेवतो का? रोपांच्या वाफ्यात पालापाचोळा पसरून राब भाजून झाला का?

बियाण्याचं भात कुठल्या कणगीत ठेवलंय, असं तुमी विचारलंत. ते सांगणार नाय. रोहिणी नक्षत्र लागून पेरणी सुरू व्हायच्या आत मी येते आणि दाखवते. तोवर एकाही कणगीला हात लावायचा नाय.

डॉक्टरीणबाईंनाही मी बजावलंय, मला घरी पोचवायलाच पायजे. बियाणं कुठं हाय ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाय.

तुमची,
इंदू