नेत्याच्या जागी बाबा

९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. (नमस्कार साधाच आहे, त्यामागे काही दडलंय का ते शोधू नकोस.)

तुझ्या पुस्तकाची प्रुफं आमच्या छापखान्यात आली आणि मालकांनी ती मुद्दाम माझ्याच टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, बहिणीच्या चुका भावाइतक्या आवडीने कोण काढणार! तत्त्वज्ञानाची प्राध्यापक झालीस, पण ऱ्हस्व-दीर्घाशी तुझं जुनं वैर अजून मिटलेलं नाही.

पुस्तक मात्र मला चक्क कळतंय. नको त्या गोष्टी आपण मनाच्या तळाशी ढकलतो आणि त्या वेष बदलून वर येतात, हे मी दुपारच्या चहाला सगळ्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून कुणाच्या हातून कप निसटला, की आमचा बाइंडर त्याच्या लहानपणाची चौकशी करतो.

आता मुद्द्याचं. पुढारी आणि गर्दीवरच्या प्रकरणात, पान ११२ वर, तू लिहिलंयस की न विचारता निर्णय घेणाऱ्या बाबांना लोक माफ करतात. तिथे ‘नेत्याला’ हवं ना? अक्षरजुळणीतली चूक असेल म्हणून हस्तलिखित काढून पाहिलं. अक्षर तुझंच आहे. दुरुस्त करू का? विचारतोय, कारण लेखणी उगाच घसरत नाही असं पन्नास पानं आधी तूच बजावलंयस.

बाबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात आणि त्याहून जास्त ते स्वतः. तुझा विषय काढत नाहीत, पण मी तुझं पत्र वाचायला बसलो की वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत येऊन बसतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
खोडरबर

१६ फेब्रुवारी

चि. खोडरबरास,

अ. उ. आ.

घसरली लेखणी, त्यात काय? परीक्षेचे पेपर तपासून हात आंबला होता, दिव्याचा उजेड कमी होता आणि शेजारी रेडिओ चालू होता. एवढं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. एखाद्या विद्यार्थिनीने इतकी कारणं दिली असती, तर मी तिला तिथल्या तिथे पकडलं असतं.

तेव्हा खरं सांगते. तू त्या वर्षी शिकायला बाहेर होतास, म्हणून तुला ते अर्धवटच ठाऊक आहे. गिरणीच्या संपाचा तो बेचाळिसावा दिवस. बाबा युनियनचे अध्यक्ष आणि मी कचेरीत पत्रव्यवहार सांभाळायला. तिसरी पाळी बंद करा, एवढीच आमची मागणी होती. बाबा एकटे मालकांकडे गेले आणि कुणालाही न विचारता करारावर सही करून आले. तिसरी पाळी तशीच राहिली. फाटकापाशी सभा घेऊन त्यांनी हे सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मी उठून विचारलं, की आम्हाला विचारल्याशिवाय सही कशी केलीत. बाबा माइकवरून एवढंच म्हणाले, की ह्या बाईंना खाली बसवा.

‘ह्या बाई’! त्याच आठवड्यात मी घर सोडलं. नऊ वर्षं झाली. त्या टाळ्या का वाजल्या, हे समजून घ्यायला मी पुस्तक लिहितेय अशी माझी समजूत होती. लोक पुढाऱ्यात बाप बघतात, असं उत्तर मला सापडलं. मी बापात पुढारी बघून चिडले होते, हे काही सापडलं नव्हतं.

शब्द दुरुस्त कर. आणि प्रुफं बाबांच्या नजरेला पडू देऊ नकोस.

प्रकृतीला जप आणि बहिणीला सांभाळून घे.

तुझी,
ताई

३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

रागावणार असशील तर आधी बसून घे. प्रुफं घरी आणली होती, ती जेवणाच्या टेबलावर राहिली. मुद्दाम ठेवलीस असं तू म्हणशील. मी नाही म्हणत नाही.

बाबांनी तीन दिवस भिंग घेऊन अख्खं पुस्तक वाचलं. मी मध्ये मध्ये चहा नेऊन ठेवायचो आणि गार झालेला परत न्यायचो. पान ११२ वर मी लाल शाईने ‘नेत्याला’ केलं होतं. त्यांनी ते पेन्सिलने खोडून समासात लिहिलंय, ‘मूळ शब्द बरोबर.’ आज सकाळी माझ्या हातात हे पाकीट दिलं आणि वाचायचं नाही, असा दम भरला. वाचलेलं नाही. उजेडात धरून पाहिलं, पण कागद जाड आहे.

उत्तर लवकर दे, घरात फार शांतता आहे.

तुझा,
खोडरबर

२ मार्च

चि. मुलीस,

आशीर्वाद.

पत्राची सवय मोडली आहे. हे मागण्यांच्या निवेदनासारखं वाटलं तर समजून घे.

एक. पुढाऱ्यावरचं प्रकरण मला मान्य नाही. लोक माझ्यात बाप बघत होते, असं तू म्हणतेस. लोक माझ्यात गिरणीच्या खात्यातला पाण्याचा नळ, आठवड्याची सुटी आणि बाळंतपणाची रजा बघत होते. त्या गोष्टी त्यांना मिळाल्या होत्या. तुझ्या शास्त्रात ह्याला एक ओळही नाही.

दोन. सभेत मी तुला ‘ह्या बाई’ म्हणालो. तेवढं वाक्य परत घेतो. बाकीच्यावर चर्चा होऊ शकते.

तीन. सहीच्या दिवसाबद्दल पत्रात लिहिता येणार नाही, समोर बसावं लागेल. गुडघ्यांमुळे मला प्रवास जमत नाही.

सवयीने खाली ‘अध्यक्ष’ लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

बाबा

२१ मार्च

चि. खोडरबरास,

अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू परवा छापखान्यातून आलास तेव्हा आम्ही दोघं गप्प बसलो होतो आणि तुझा चेहरा पडला. भांडण झालं असं तुला वाटलं असणार. म्हणून आधीचं सांगते.

बाबांनी दार उघडलं आणि बस उशिरा आली वाटतं, एवढंच म्हणाले. मग दोन तास ते माझ्या पुस्तकावर तुटून पडले. नळाचं म्हणणं मी मान्य केलं, त्यासाठी एक पान वाढवून पाठवते. पान ११२ वर मात्र ‘नेत्याला’ हाच शब्द घाल. पुस्तक लोकांसाठी आहे. माझं मी बघेन.

मग मी विचारलं, लोकांना का विचारलं नाहीत? ते म्हणाले, की संप आणखी ओढला असता तर माणसं मोडली असती. विचारलं असतं तर सगळे होच म्हणाले असते, पण मी सांगतोय म्हणून. ते विचारणं नुसतं नाटक झालं असतं. मी म्हटलं, मग मला विचारायचं होतं. मी कचेरीत समोरच बसले होते आणि मी नाहीच म्हटलं असतं.

 ते गुडघा चोळत, खिडकीकडे बघत म्हणाले, की ते माहीत होतं, म्हणूनच त्या दिवशी कचेरीच्या मागच्या दाराने बाहेर पडलो.

 नऊ वर्षं वाटत होतं, की त्यांनी मला हिशेबातच धरलं नाही. अख्ख्या युनियनमध्ये त्यांना एकाच माणसाची भीती होती आणि ते माणूस मी होते. तेवढ्यात तुझी सायकल अंगणात वाजली.

बाबांना सांग, पुढच्या महिन्यात येते. आणि तू आहेस तसाच आगाऊ राहा.

तुझी,
ताई