बुधवारी बांबोळीला

पार्से, पेडणे
२२ फेब्रुवारी, रविवार

बाय हर्षा,

आशीर्वाद. शेजारची विनिता उद्या म्हापशाला येते आहे, तिच्याकडे हे पत्र आणि थोडी कोकमाची सोलं देते. फोनच करणार होते, पण तेव्हा तुझे बाबा शेजारी असतात आणि माझं बोलणं तोंडातच राहतं.

इकडे सगळं बरं. काजूला मोहोर चांगला आहे. नार्व्याच्या मंडळींनी आपल्या संजनाला पसंत केलं, पुढच्या आठवड्यात बोलणी. तू वेळेवर जेवतेस ना?

मध्येच उठून गॅस बघून आले. बंदच होता.

आत्या आली होती. ते स्थळ तिनेच आणलेलं. म्हणाली, "डॉक्टरकीच्या परीक्षेक एक तास जास्त मेळता म्हणून पोरीक अपंगाचो दाखलो काढतलात? उद्यां नार्व्याची माणसां विचारतली, घरात आनी कोणाक आसा म्हणून." संजना आतून ओरडली, "त्येंच्या पोराच्या टकलाचो दाखलो आमी मागलो काय?" मला हसू आलं, आणि आत्याने ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला. हर्षाने दाखला काढावा का, असं देवाला विचारलं. पाकळी डावीकडची पडली. म्हणजे नको. घरी येऊन मला म्हणाले, "तूच लिही तिका. तुजां आयकता ती."

त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले होते.

पण गेल्या सुट्टीत तू ओसरीवर सरावाचा पेपर सोडवत होतीस, ते डोळ्यांपुढून जात नाही. उत्तर तयार असायचं, पण गोल काळा करताना बोटं आखडायची. मांडीवर दाबून ती सरळ करायचीस आणि पुन्हा पेन उचलायचीस. वेळ संपली तेव्हा शेवटचं पान तसंच राहिलेलं. मी प्रश्न वाचले, तर सगळे तोंडी सांगितलेस. मग म्हणालीस, "आई, मला किती येतं ते बघायचं ना त्यांना? मग माझी बोटं किती पळतात ते का बघतात?" मी तुला पेज वाढली.

आज सकाळी एकटीच देवळात गेले. भटजी म्हणाले, "परत प्रसाद लावूया, वहिनी?" नको म्हटलं. देवाला विचारायचं ते आपल्याला ठाऊक नसलेलं. तुझी बोटं तर मी तू पाळण्यात होतीस तेव्हापासून बघते आहे.

हे आज बाबांनाही सांगणार आहे. ते काय म्हणतील, बोलणी टिकतील की मोडतील, काही कळत नाही. संजना म्हणते, "मोडली तर मोडली." तिचा चेहरा मात्र उतरलाय. दोघीही माझ्याच गो.

बुधवारी बांबोळीच्या इस्पितळात दाखल्याच्या तपासणीला एकटी जाऊ नकोस. मी पहिल्या बसने म्हापशाला येते. आणि बाय, डॉक्टरांनी हात पुढे कर म्हटलं की बोटं दाबून सरळ करू नकोस. आहेत तशीच दाखव.

स्टँडवर भेटणारी,
तुझी आई