काही आढळले नाही

सोमवार, ४
पोचलो एकदाचे! दोन खोल्या, एक टेबल, खिडकीतून समोर टेकडी. झकास. इथे सात किलोमीटरची पायवाट होणार आहे, हौशी लोकांना महागडे बूट घालून दमायला. त्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का, ते मी पाहायचं. दर पन्नास मीटरवर गुडघाभर खड्डा खणायचा, माती चाळायची, फॉर्मवर निकाल लिहून सही ठोकायची, खड्डा बुजवायचा. वीस वर्षं हेच करतोय. माझ्या सहीवर शंका घेण्याची कुणाची टाप नाही.

मदतीला बायकोचे थोरले बंधू. वय बावन्न, नोकरी गेलेली. दादाला घेऊन जा, म्हणाली, तेवढाच तुम्हाला हातभार. हातभार कसला! पाच खड्ड्यांत धापा टाकायला लागतील.

बुधवार, ६
दहा खड्डे झाले. निघालं काय, तर मुळं आणि बाटलीचं एक झाकण. मेहुणे माती चाळतात, ती दळण निवडावं तशी. माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी टेबलाशी बसून अकरा ते चाळीसचे फॉर्म एका बैठकीत भरून टाकले : काही आढळले नाही. मेहुण्यांचं तोंड उतरलं. म्हणे, दाजी, न खणता सही? म्हटलं, तुम्ही चाळणी सांभाळा, अक्कल मी सांभाळतो.

गुरुवार, ७
जेवून टेकडीवर गेलो, तर अकरा ते अठरा खणलेले. कडा सुरीने कापल्यासारख्या, माती चाळून बाजूला रचलेली. मेहुणे तर माझ्यासमोरच जेवत होते. असेल कुणा रिकामटेकड्याचा उद्योग. अकरावा गुडघाभर, अठरावा छातीभर. आत मूळ नाही, खडा नाही, मुंगीसुद्धा नाही. म्हणजे माझा निकाल बरोबरच निघाला की!

शुक्रवार, ८
आज अठ्ठाविसापर्यंत. भर दुपारी. मेहुण्यांनी सत्ताविसाव्यात दगड टाकला. आवाज आला नाही. म्हणाले, दाजी, तुम्ही काही नाही असं लिहिलंत, म्हणून आत काही उरत नाहीये, ते फॉर्म फाडा. भित्री भागूबाई! फाडले तर खोट्या सह्या केल्या असं होईल, नोकरी जाईल. मी हसलो. गठ्ठा मात्र उशाखाली ठेवला.

शनिवार, ९
आज तेहतिसापर्यंत. मेहुणे ऐकेनात. कमरेला दोर बांधून तेहतिसाव्यात उतरले. खरंच चाळून बघतो म्हणाले, म्हणजे तुमची सही खोटी राहायची नाही. दोर मी धरला होता. ताण होता. मग नव्हता. ओढला, तर गाठ जशीच्या तशी, आणि आत माणूस —

हाका मारल्या. घसा बसला.

बायकोचा फोन. दादा फोन का उचलत नाही, विचारत होती. झोपलेत म्हटलं. किती नीच आहे मी.

रविवार
तेहतिसाचा फॉर्म समोर. खरं लिहिलं तर — कदाचित —
सकाळपासून नुसता धरून बसलोय. नोकरीचा विचार करत. अजूनही!

दुपार. गठ्ठ्याच्या तळाशी एकेचाळिसावा फॉर्म. मी भरलेला नाही. अक्षर माझं. सही माझी. जागा : टेबलाखाली. काही आढळले नाही.

फरशीवर चीर. सरळ. आता चौकोन —
खुर्ची खचतेय. पळता येईल. पण आधी त्यांचं. जुनं खोडलं. फॉर्मवर लिहितोय तेच इथेही —
खड्डा तेहतीस. आढळले : एक माणूस, वय बावन्न, माझ्याहून भला, जिवं