चर्चसाठी पंधरा मिनिटं

१६ सप्टेंबर, मंगळवार
धुकं सुरू झालं. समोरची इमारत गेली. ओल्टनमध्ये राहायचं म्हणजे आता मार्चपर्यंत सूर्य फक्त ऐकून माहीत.

संध्याकाळी लेआंडरचा फोन. हा माझ्या बायकोचा, क्रेसेंझचा चुलतभाऊ, तिच्या माहेरी बीलफ्लूला चर्चची आणि तिथल्या दफनभूमीची देखभाल करतो. म्हणाला, थडग्यांची पंचवीस वर्षं झालेली रांग यंदा मोकळी करणार. तिकडे तशी पद्धतच आहे. गाव सगळं उतारावर, सपाट जागा मूठभर, तेव्हा जुन्यांनी नव्यांना जागा द्यायची. लाकडी क्रॉस घरच्यांनी येऊन न्यायचे. नाही नेले तर जाळतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर काम सुरू. त्या रांगेत आमचा मुलगा आहे, सिल्वान.

नियम योग्यच आहे. विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला नियमाचं महत्त्व सांगायला नको. मी फोनवर अगदी शांत होतो.

क्रेसेंझ बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "क्रॉस आपण दोघांनी रोवलाय. काढायचाही दोघांनी. या वेळी तू येतोयस, बेआट."

मी म्हटलं, अर्थात. त्यात विचारायचं काय?

आजवर १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, थडग्यावर दिवा लावायला ती एकटीच जायची. माझी पाठ नेमकी त्याच आठवड्यात धरते. हवा बदलते ना. पण उन्हाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकटीनं गाडीत चढणं-उतरणं तिला जमत नाही.

निश्चय: नुसतं जायचं, रडायचं, परत यायचं, असं करायचं नाही. नीट सहल आखायची. एक दिवस, डोंगरातली तीन गावं, सगळं रेल्वेनं. तिलाही बरं वाटेल.

१८ सप्टेंबर
पहिला आराखडा तयार. सुंदर झालाय. बोगद्यातली वेगवान गाडी घ्यायचीच नाही, जुन्या डोंगरी मार्गानं जायचं. येताना उजवीकडच्या खिडक्या, जाताना डावीकडच्या. पहिल्या गावात कॉफी, दुसऱ्यात केबलकारनं वर, जेवण, मग बीलफ्लू.

क्रेसेंझनं चष्मा लावून वाचलं. जेवण: दीड तास. केबलकार: एक तास. चर्च: पंधरा मिनिटं. बराच वेळ बोट त्या शेवटच्या ओळीवर ठेवून बसली.

"सिल्वानला पंधरा मिनिटं?"

तिला समजावलं की पुढची गाडी तासाभरानं आहे आणि चर्चच्या आवारात गारठा असतो. गुडघ्याला बरा नाही. तिनं कागदाची घडी करून परत दिला. म्हणजे पटलं असावं.

२२ सप्टेंबर
बर्नला गाडी बदलायला चार मिनिटं. कुबडी, पिशवी आणि क्रेसेंझ घेऊन चार मिनिटं. आपल्या देशात चार मिनिटं म्हणजे चारच. आज ओल्टनच्या स्टेशनवर सराव केला. एका हातात बटाट्यांची पिशवी, दुसऱ्यात छत्री काठीसारखी, आणि गुडघा न वाकवता फलाट सातवरून बारावर. एका बाईनं विचारलं, मदत हवी का. नको म्हटलं, मी प्रयोग करतोय. ती पळालीच.

निष्कर्ष: चार मिनिटं अपुरी. सगळा आराखडा नव्यानं.

परत येताना जिन्यात झोरित्सा भेटली. समोरची शेजारीण, पोटासाठी झाग्रेबहून आलेली, स्वभाव दार उघडं ठेवण्याचा. तिला सगळं ठाऊक होतं. क्रेसेंझ सांगते तिला. म्हणाली, "फ्लुरीसाहेब, माझी गाडी खाली उभी आहे. उद्या सकाळी बसू, दुपारी तिथे."

तिला थँक्यू म्हटलं. या लोकांना वाटतं, चावी फिरवली की झाला प्रवास. शिवाय मोटारीत मला मळमळतं.

२६ सप्टेंबर
नवा आराखडा. बर्नला सतरा मिनिटं. गावाच्या कचेरीतून ४ ऑक्टोबरचे रेल्वेचे दोन डे-पास घेतले. त्या तारखेखेरीज चालत नाहीत आणि परतही घेत नाहीत. मुद्दामच घेतले. माणसानं स्वतःला बांधून घ्यावं.

क्रेसेंझनं पास फ्रिजवर लावले. मग कपाटातून सिल्वानचा पक्कड-पान्ह्यांचा डबा काढून घेऊन आली. क्रॉसचे बोल्ट गंजले असतील, म्हणाली. डबा टेबलावर ठेवला. मला त्या टेबलावर जेवता येईना. गंजाचा वास येतो. तिला तसं सांगितलं, तर तिनं डबा उचलून हॉलमध्ये ठेवला.

३ ऑक्टोबर
बीलफ्लूच्या हॉटेलवाल्यानं छपरावर कॅमेरा बसवलाय. दर दहा मिनिटांनी नवं चित्र. चौक, चर्च, चर्चमागची दफनभूमी, वर डोंगराचे कडे. मी आता दर तासाला बघतो. इथल्या धुक्यातून उठून तिथल्या धुक्यात जायचं म्हणजे मूर्खपणाच ना? आपल्याकडचा कुठलाही शहाणा माणूस कॅमेरा बघितल्याशिवाय डोंगरात जात नाही.

चित्र राखाडी. चर्चचा कळसही दिसेना. अंदाज: उद्या पाऊस.

रद्द. क्रेसेंझ म्हणाली की तिला कडे बघायचे नाहीत, क्रॉस पावसातही निघतो. मी म्हटलं, ओल्या पायऱ्या, नवा गुडघा, जबाबदारी कोणाची? पास वाया गेले. ते फ्रिजवरून काढले नाहीत तिनं.

७ ऑक्टोबर
मधल्या गावातली केबलकार दुरुस्तीसाठी बंद. उन्हाळा संपला की बंद करतात, बर्फ पडला की सुरू. हे मला कसं सुचलं नाही. आराखड्यातलं मधलं गाव गेलं. मधलं गेलं की पहिल्याला अर्थ नाही. बदली गाव शोधतोय. एक सापडलं, पण तिथलं हॉटेल मंगळ-बुध बंद. शनिवार-रविवार गर्दी. राहिले सोम, गुरू, शुक्र. सोमवारी क्रेसेंझचा व्यायामाचा वर्ग.

क्रेसेंझला म्हटलं, अडचणी आहेत पण मी एकेक सोडवतोय. ती म्हणाली, "मला तीन गावं नकोत. मला एकच हवंय."

तिला सहलीची आवड मुळातच कमी.

९ ऑक्टोबर
लेआंडरला मीच फोन केला. हवेची चौकशी करायला. म्हणाला, चार दिवस पाऊस, सगळी माती लोण्यासारखी झालीय. मग विचारलं, "दाजी, येताय ना? क्रॉस मी काढून ठेवू शकतो, पण ताई नको म्हणते."

मी म्हटलं, येतोय, फक्त ऊन पडू दे. तो म्हणाला, आम्हीही उन्हाचीच वाट बघतोय. ओल्या मातीत मशीन रुततं. एक कोरडा, स्वच्छ दिवस मिळाला की त्याच दिवशी रांग उरकणार. मग हिवाळा.

म्हटलं, चला, म्हणजे आपलं एकमत आहे. फोन ठेवल्यावर फार हलकं वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार
पाठ धरली. या वेळी काही आठवडे आधीच. गरम पाण्याची पिशवी घेऊन कॅमेरा बघितला. बीलफ्लूवर ढग, पण पातळ. दफनभूमीतले क्रॉस मोजता येत नाहीत इतक्या लांबून, पण दुसऱ्या रांगेच्या टोकाला एक जरा वाकलेला आहे. तो सिल्वानचा असावा. जमीन तिथे उताराची आहे. रोवताना मीच म्हटलं होतं क्रेसेंझला, दगड घाल खाली. आम्ही दोघांनीही घातले होते दगड. तरी वाकला.

ऐन विशीत गेला. आजोबांबरोबर कड्यावरच्या पाण्याच्या पाटातली माती उपसायला गेला होता. गावातली सगळी पोरं वसंतात जातात. बाकीची जेवायला परत आली.

हे इथे लिहायचं कारण नव्हतं. सहलीची वही आहे.

१५ ऑक्टोबर
अंतिम आराखडा. ही माझी आजवरची सर्वोत्तम कामगिरी. दोन गावं. सुकवलेलं मांस आणि राय ब्रेड घरून नेणार, म्हणजे हॉटेलच्या सुट्टीचा प्रश्नच मिटला. चर्चची पंधरा मिनिटं वाढवून पंचवीस केली. क्रेसेंझला दाखवलं. तिनं विचारलं, कधी? म्हटलं, पहिल्या स्वच्छ दिवशी.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"बेआट, तू येणार नाहीयेस."

मी म्हटलं, असं कसं म्हणतेस, एवढा आराखडा केलाय. आणि दाखवायला पुन्हा तोच कागद पुढे केला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ८
इथे धुकं, हात पुढे केला तर बोटं दिसेनात. कॅमेरा उघडला आणि अहाहा! बीलफ्लूवर निळं, कडकडीत निळं. कळस चमकतोय. कड्यांवर नवा बर्फ. आज शुक्रवार. हॉटेल उघडं. गर्दी नाही. बर्नला सतरा मिनिटं. पाठ बरी. सगळं जुळलं.

क्रेसेंझला हाक मारली. घरात नाही. व्यायामाला गेली असेल झोरित्साबरोबर. व्यायाम सोमवारी असतो खरा, पण बदलला असेल.

सकाळी ९.३०
ती येईपर्यंत थांबणं आलं. नाहीतरी आज रद्दीच्या गाडीसाठी जुन्या कागदांचे गठ्ठे रस्त्यावर ठेवायचा दिवस. दोरी बांधून ठेवले. आज नाही जमलं तरी हरकत नाही, अंदाजानुसार उद्याही निरभ्र. दोन निरभ्र दिवसांत दुसरा जास्त खात्रीचा असतो.

हॉलमधला पान्ह्यांचा डबा दिसेना. बरं झालं, आवरला तिनं.

सकाळी १०.४०
चर्चच्या भिंतीला लागून पिवळं यंत्र उभं आहे. लहानसं. बादली खाली टेकवलेली. पहिली रांग आहे तशी. दुसऱ्या रांगेचा अर्धा भाग तपकिरी.

सकाळी १०.५०
यंत्र तिथेच. दोन बायका. एक उभी, एक वाकलेली. जी उभी, तिच्या अंगात लाल जाकीट, हातात काठी. असलं लाल जाकीट अर्ध्या देशाकडे आहे. मागच्या सेलमध्ये सगळ्यांनी घेतलं.

सकाळी ११
लाल जाकीट खाली बसलंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई अशी बसू शकत नाही. म्हणजे ती नव्हे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, गुडघे टेकायचे नाहीत.

सकाळी ११.१०
वाकलेला क्रॉस नाही. दुसरी बाई आणि एक माणूस काहीतरी धरून उभे आहेत. लाल जाकीटवालीनं तोंड इकडे केलंय, हॉटेलच्या दिशेला. एक हात वर. डोळ्यांवर ऊन येत असेल.

सकाळी ११.२०
कोणी नाही. यंत्र दुसऱ्या रांगेच्या टोकाशी.

११.३०
चित्र तेच.

११.४०
तेच.

संध्याकाळ
चार वाजता जिन्यात आवाज. क्रेसेंझ पुढे, झोरित्सा मागे, तिच्या खांद्यावर क्रॉस. एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं. मला तो माझ्या छातीपर्यंत आठवत होता. खालचा भाग कुजून तुटला, लेआंडरनं करवतीनं सरळ करून दिला, असं झोरित्सा म्हणाली. तिनं तो हॉलमध्ये छत्र्यांच्या स्टँडशेजारी भिंतीला टेकवला आणि माझ्याकडे न बघता घरी गेली. एरवी एवढं तोंड चालतं तिचं.

क्रेसेंझच्या गुडघ्यावर माती. बूट काढायला जमेना, मी खाली बसून काढले. तेवढ्यात तिनं विचारलं, "मी कॅमेऱ्याकडे हात केला होता. दिसला?"

म्हटलं, चित्र दर दहा मिनिटांनी बदलतं, मधलं काही दिसत नाही.

"मी दहा मिनिटं हात वर धरून उभी होते," ती म्हणाली.

मग आम्ही सूप प्यायलो. मला भीती वाटत होती. गाडी चुकण्याची नव्हे. पंचवीस वर्षं ही एकच भीती वाटते आहे आणि तिला मी पाठदुखी म्हणतो. हे तिला सांगायला तोंड उघडलं, तर तोंडातून निघालं की उद्याही निरभ्र आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
अंदाज चुकला. बीलफ्लूला पाऊस. चर्चमागे सगळी जमीन सपाट, तपकिरी. गवताचं बी पेरून झालं असावं. यंत्र गेलं.

अशा पावसात गाडीला गर्दी नसेल. बर्नला सतरा मिनिटं म्हणजे भरपूर. पाठही ठीक आहे.

क्रेसेंझ अजून झोपली आहे. मी छत्र्यांचा स्टँड बाल्कनीत नेऊन ठेवला, क्रॉसला छत्र्यांचं पाणी लागायला नको. मग परत येऊन कॅमेरा उघडला. कोणी नाही. तरी दहा मिनिटं थांबलो आणि पुढचं चित्र बघितलं.