नलिनीचं तर तू बघतोसच

मिसरोद, भोपाळ
९ डिसेंबर

प्रिय कल्पना,

सप्रेम सलाम. आई बरी आहे, विश्वास बरा आहे, मी आहे.

या शहरात माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. नाताळच्या चिवड्यासाठी पातळ पोहे मागितले, दुकानदाराने जाडे बांधून दिले. परत करायला गेले तर म्हणतो, "मैडम, पोहा तो पोहा होता है." लग्न होऊन आले तेव्हापासून मी या राज्याला पोह्यांचे प्रकार शिकवते आहे. राज्य ढिम्म.

आईला दोन महिने नागपूरला पाठवतेस का, असं तू ऑक्टोबरात विचारलंस. मी उत्तर दिलं नाही. तू फोनवर विषय काढलास की दर वेळी माझ्या दारावर कोणीतरी यायचं आणि मी फोन ठेवायचे. खरं तर कोणी आलेलं नसायचं, कल्पना.

आमची संध्याकाळची प्रार्थना आई मोठ्याने करते. सुरुवात तुझ्यापासून. कल्पनाचा गुडघा, कल्पनाची शाळा, कल्पनाच्या बिल्डिंगची लिफ्ट. आमचा गिझर बिघडला तर मिस्त्री शोधावा लागतो, तुझ्या लिफ्टला थेट परमेश्वर! मग विश्वास, मग आजारी, तुरुंगातले, प्रवासातले, आणि अगदी शेवटी, चष्मा चाचपत, "नलिनीचं तर तू बघतोसच. आमेन."

अंघोळ मी घालते, गोळ्या मी देते, पायाला तेल मी चोळते. आणि रविवारी तुझा फोन वाजला की चेहरा असा फुलतो, जसं आठवडाभर मी तिला अंधारात ठेवलं होतं.

मागच्या आठवड्यात तिचा घसा बसला, म्हणून प्रार्थना मी केली. "हे प्रभू, ज्यांना आईला फोन करायला सवड आहे, पण भेटायला नाही, त्यांना क्षमा कर."

आई डोळे मिटूनच म्हणाली, "नलू, हे देवाला सांगतेस की मला?"

"दोघांना."

"मग त्याला आधी खरं सांग. माझं नंतर बघू."

विश्वासने डोळे उघडलेच नाहीत. उघडले असते तर बायकोची नाहीतर सासूची बाजू घ्यावी लागली असती.

मी आत जाऊन बसले. आधी तुझ्या सुधारणेसाठी मागितलं. त्यात बराच वेळ गेला. ते संपल्यावर एवढंच निघालं: प्रभू, मला कल्पनाचा हेवा वाटतो. आई तिच्याकडे गेली आणि तिथेच तिला बरं वाटलं, तर मी काय करू?

स्वर्गबिर्ग काही उघडला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग एका सकाळी विश्वास स्वयंपाकघरात डोकावला. "आज भांडी आपटत नाहीयेस. बरं नाही का?"

त्याच दुपारी तेल लावताना आईला विचारून टाकलं, "मी शेवटी का गं?"

"हाताशी आहे ते मागायचं कशाला? तुझे आभार मानते मी सकाळी. तू दूध आणायला गेलीस की."

"माझ्यासमोर मान की!"

"नको. डोक्यात जाईल तुझ्या."

तर नाताळ झाला की विश्वास आईला तुझ्याकडे घेऊन येईल. तेल कोमट करून लाव. चहात साखर मागेल, देऊ नकोस. माझ्याकडे मिळते म्हणेल, खोटं आहे. आणि सांगून ठेवते, तिथे प्रार्थना माझ्यापासून सुरू होईल आणि तू शेवटी येशील. मुकाट ऐकून घे.

अजून एक. आई तुझ्यासाठी मागायची तेव्हा मी आमेन म्हणत नव्हते, ओठ मिटून घ्यायचे. तेवढं तुझं माझ्याकडे राहिलं होतं. काल म्हटलं. हळूच, पण आईने ऐकलं असावं, कारण पुढचं नाव घ्यायला ती जरा थांबली.

तुझ्यासाठी मागणारी,
नलूताई